मध्ये पडावे की न पडावे?

असोद्यासारख्या गावी बांधावरून भाऊबंदांत काठ्या निघाल्या, तर मध्ये पडणारा शहाणा माणूस आधी विचारतो, ‘मी दोघांनाही चालेन ना?’ मंडळी, राष्ट्रांनाही हेच विचारावे लागते.

कोरियातील लढाई २७ जुलै १९५३ रोजी थांबली, पण सुमारे २३ हजार युद्धकैदी मायदेशी परतायला राजी नव्हते. त्यांना सांभाळायला दोन्ही पक्षांना भारत चालला. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष मात्र अडून बसले. आपल्या जवानांना त्यांच्या भूमीवर पाऊल ठेवू देईनात. हेलिकॉप्टरने मधल्या पट्ट्यात उतरावे लागले. म्हणजे घरातल्या एकाची ‘ना’ होतीच! तरी आपण गेलो, कारण या कैद्यांपायीच तह वर्षभराहून अधिक रखडला होता.

अट एकच : परतण्याची बळजबरी कोणावरही नाही. फौजेचे प्रमुख होते आपले मराठी सेनानी शंकरराव थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कोंडले, तेव्हा थोरात स्वतः तारेच्या कुंपणाआत गेले आणि बोलून-बोलून त्याला सोडवून आणले. पुढे छावणीत गोळीबाराचीही पाळी आली. काही कैदी दगावले. कित्येकांनी तर समजावणी ऐकूनच घेतली नाही. अखेर जानेवारी १९५४ मध्ये भारताने उरलेले कैदी ज्या पक्षाने पकडले होते त्या पक्षाच्या हवाली केले. ८८ जणांना दोन्हीकडे जायचे नव्हते. ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले.