जुने घ्या, पण पारखून!

दिवाळी हा नव्याचा सण. नवे कपडे, नवी रांगोळी, धनत्रयोदशीला निदान एखादी नवी वाटी तरी! पण याच दिवाळीच्या तोंडावर घरोघरी आवराआवर होते, माळे रिकामे होतात आणि वर्षानुवर्षे दडून बसलेला संसार बाहेर येतो. तो जातो कुठे? थोडा बोहारणीकडे, थोडा भंगारवाल्याकडे आणि बराचसा फिरत फिरत जुन्या बाजारात. पुण्याच्या मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईचा भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार यांची कीर्ती पिढ्यानपिढ्यांची आहे.

आपण मध्यमवर्गीय मंडळी मात्र अशा बाजारात जरा चोरूनच जातो. ओळखीचे कोणी भेटलेच, तर "सहज आलो होतो" म्हणून पिशवी मागे सरकवतो. गंमत पाहा! थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा, तान्ह्या बाळाला आजीच्या मऊ लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळावे, याचे आपल्याला कोण कौतुक. पण तशीच जुनी वस्तू पैसे मोजून घेतली की कमीपणा! वारशाने आले ते जुने खानदानी आणि विकत घेतले ते गरिबीचे, असा हा अजब हिशेब आहे.

बरे, लाज सोडली तरी दुसरा मोह वाट अडवून उभा असतो. तो म्हणजे स्वस्ताईचा. अर्ध्या किमतीत मिळालेली नको असलेली वस्तू ही पूर्ण किमतीचा तोटाच समजावी. म्हणून घरून निघताना काय हवे ते ठरवून निघावे आणि खिशात एक लोहचुंबक ठेवावा.

लोहचुंबक कशाला? पितळ आणि तांबे त्याला चिकटत नाही. पितळी म्हणून सांगितलेली समई त्याला चिकटली, तर आत लोखंड आहे हे ओळखावे. पितळेचे पातेले घेतलेत तर आधी कल्हई करून घ्या. नाहीतर त्यातले दही-ताक कळकलेच म्हणून समजा. आणि कल्हईचे भांडे रिकामे तापत ठेवू नका. कल्हईचे कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते.

खुर्ची-टेबल नेहमी उलटे करून पाहावे. समोरून पॉलिश बोलते, खालून लाकूड बोलते. सांधा खिळखिळा असेल तर सुतार तो बसवून देईल. पण बारीक भोकांतून पिठासारखा भुगा गळत असेल, तर ते पाहुणे घरी आणू नयेत. शिवणाच्या यंत्राचे चाक हाताने फिरवून पाहावे. तेलाविना चिकटलेले यंत्र साफसफाईने बहुधा मोकळे होते. बिडाला गेलेला तडा मात्र सहजी सांधत नाही. पुस्तक घेताना पृष्ठांक तपासावेत. पुस्तके पुष्कळदा १६ पृष्ठांच्या फर्म्यांनी बांधलेली असतात. एक फर्मा निसटला की कादंबरीचा नायक एकदम लग्नाच्या मांडवात भेटतो!

काही वस्तूंना मात्र दुरूनच नमस्कार करावा. जुनी गादी, दुचाकीचे शिरस्त्राण, वायर उघडी पडलेली इस्त्री आणि झडप बदललेला प्रेशर कुकर यांत वाचलेले पैसे डॉक्टरकडे जातात. मोबाइल किंवा सायकल बिलाशिवाय घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे.

ही पारख किती मोठे काम करू शकते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी जुन्या घरांतल्या दिव्यांवर, अडकित्त्यांवर, स्वयंपाकघरातल्या साध्या वस्तूंवर जीव लावला. त्यांतून दिवंगत मुलाच्या नावाने राजा केळकर संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लोकांनी अडगळ म्हणून काढलेल्या वस्तूंत त्यांना आपल्या आजी-पणजीचा हात दिसला.

आपण संग्रहालय काढायचे नाही. पण कल्हईवाला, सुतार, यंत्र दुरुस्त करणारा कारागीर यांचे हात चालते ठेवायचे आहेत. जुने घेऊन नीट करून वापरणारे गिऱ्हाईक संपले, की त्यांचेही कसब संपते. म्हणून घासाघीस जरूर करावी, तो या बाजाराचा रिवाजच आहे. पण सकाळपासून उन्हात पथारी मांडून बसलेल्या मावशींची भवानीही झाली नसेल, हेही ध्यानात असावे.

आणि एक सूचना. प्रत्येक सोसायटीने दिवाळीपूर्वीच्या एखाद्या रविवारी अंगणात चार टेबले मांडावीत. ज्याला जे नको ते त्याने स्वच्छ पुसून, चालते करून, त्यातली खोट सांगून तिथे ठेवावे. ज्याला हवे त्याने रास्त किंमत देऊन न्यावे. शेजारच्या काकूंचे इडलीपात्र उघड्या अंगणात, चारचौघांदेखत विकत घेता आले, की तो कमीपणा आपोआप गळून पडेल. नव्या नवलाईच्या सणात जुन्यालाही नवे घर मिळेल!