क्लच गेला म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे तुरीच्या राशी होतात आणि आळंद, बसवकल्याण, हुमनाबादकडच्या गाड्या पोती भरून कलबुर्गीच्या नेहरू गंजाकडे निघतात. (गावाचे नाव २०१४ साली बदलले, पण आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच येते.) गेल्या राशीच्या वेळी अशीच एक भरलेली पिकअप चौघांनी ढकलत आमच्या आवारात आणली. क्लचचे पेडल दाबले की ते तळाला जाऊन तिथेच पडून राही. गिअर काही पडेना. तीनच आठवड्यांपूर्वी एका गॅरेजात नवी क्लच प्लेट टाकली होती आणि त्यासाठी घरातल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. जुनी प्लेट मालकाने जपून ठेवली होती. आम्ही ती हातात घेऊन पाहिली. अस्तर चांगले जाड होते, रिव्हेट अजून खोल होते. म्हणजे प्लेट गेलेलीच नव्हती.

आम्ही काही मिस्त्री नाही. पण जुन्या जीपने रस्त्यात अनेकदा उभे केल्यामुळे थोडे शिकलो आहोत, ते शेतकरी बंधूंना सांगावे असे वाटले.

क्लच दोन तऱ्हेने चालतो. काही गाड्यांत पेडलापासून वायर किंवा दांडी जाते; बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत दांडीच असते. पुष्कळशा जीप, पिकअप व ट्रकांत मात्र हे काम तेल करते. पेडलाजवळ मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि दोहोंमध्ये तेलाने भरलेली नळी. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा १७व्या शतकातील ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाचा नियम इथे राबतो. तेल दबत नाही, हवा मात्र दबते. नळीत थोडी हवा शिरली तरी पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो आणि स्लेव्हची दांडी पुरती सरकत नाही.

आता परीक्षा. प्रथम हे ठरवा, की क्लच सुटत नाही की पकडत नाही. गिअर टाकताना खरखर होते, रिव्हर्स तर पडतच नाही, पेडल दाबलेले असूनही गाडी पुढे सरकते, तर क्लच सुटत नाही. उलट चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे; तिथे प्लेट झिजल्याचा किंवा तिला तेल लागल्याचा संशय रास्त आहे. तरी एक पाहून घ्या. स्लेव्हचे निपल किंचित सैल करून दाब सोडला आणि घसरणे थांबले, तर तेल परतीच्या वाटेत अडकते आहे. रबर फुगले असेल, नळी आतून बसली असेल किंवा पेडलाच्या दांडीला जरासाही सैलपणा उरला नसेल.

पिकअपचा रोग पहिल्या जातीचा होता. बॉनेट उघडून टाकी पाहिली. तेल तळाला गेलेले. मास्टरची दांडी केबिनमध्ये जिथे येते तिथे बोट फिरवले, कोरडे. मग स्लेव्हच्या तोंडावरची रबरी टोपी उचलली, तर ती आतून ओली. एकाला पेडल दाबायला बसवून खाली पाहिले. दांडी जेमतेम हलत होती. हीच परीक्षा आधी झाली असती तर पाटल्या घरातच राहिल्या असत्या. दांडी पुरती सरकूनही गिअर पडत नसेल, तेव्हाच प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग वगैरे आतल्या भागांकडे वळावे. कुठेच ओल नाही, पण दाबून धरलेले पेडल हळूहळू बसत जाते, तर मास्टरमधले रबर आतल्या आत तेल सोडते आहे. काही नव्या गाड्यांत मात्र स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच बसवलेला असतो. तिथे उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

रबर किट बदलल्यावर एअर काढायची. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करावे, बुडबुडे निघाले की आवळावे, मगच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि टाकी रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर सगळे पहिल्यापासून.

इथे सर्वांत मोठी चूक होते ती तेलाची. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेले असते, तेच घालावे. घरात ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल आहे म्हणून ते ओतणारे आम्ही पाहिले आहेत. त्याने आतले रबर फुगून सडते. आणि पुष्कळ गाड्यांत ब्रेक व क्लचची टाकी एकच असते! त्यात क्लचची नळी सहसा ब्रेकच्या नळ्यांपेक्षा वर काढलेली असते, म्हणून तेल उतरले की आधी क्लच जातो. तो गेला की ब्रेकच्या जागाही तपासाव्यात. गळती तिकडचीही असू शकते. चुकीचे तेल पडलेच असेल तर गाडी तिथेच उभी करावी, नळ्या धुवाव्यात, सगळी रबरे बदलावीत. ब्रेक ऑइल हवेतले पाणीही शोषते. डॉट ३ नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे, आणि उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये.

हे तेल विषारी आहे. नळीने तोंडाने ओढू नये, सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बाटलीसकट तातडीने दवाखाना गाठावा. डोळ्यांत उडाल्यास १५ मिनिटे पाण्याने धुवावे. जुन्या प्लेटच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पिकअपचे काम संध्याकाळपर्यंत उरकले. दुसऱ्या दिवशी तूर गंजात उतरली, आणि पैसे हाती येताच मालक आधी पाटल्या सोडवायला गेला.