थंडीतला मासा आणि येळगावचं पाणी

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं. डिसेंबर-जानेवारीत इथली पहाट खाली मलकापूर-नांदुऱ्याकडच्या सपाटीपेक्षा चांगलीच गार असते. अशा दिवसांत गळ घेऊन पाण्यावर जायचं तर अंधारात उठायची गरज नाही. घरून भाकरी-ठेचा बांधून सावकाश नऊ-दहाला निघालं तरी चालतं. चिखली रस्त्याने थोडं गेलं की पैनगंगेवरचं येळगाव धरण लागतं. बुलढाणा शहर याच धरणाचं पाणी पितं.

उशिरा निघण्यामागे कारण आहे. मासा अंगाची ऊब स्वतः तयार करत नाही. पाणी जितकं गार, तितकं त्याचं अंग गार. कटला, रोहू, मृगळ या आपल्या मासोळ्यांना साधारण २५ ते ३० अंश तापमानाचं पाणी मानवतं. पाणी त्याहून बरंच गार झालं की त्यांचं पचन मंदावतं आणि भूकही कमी होते. मासा असतो तिथेच असतो, पण चाऱ्यामागे धावत नाही. चारा अगदी तोंडापाशी आला तरच घेतो. म्हणून थंडीत गळ वरचेवर काढून नव्या जागी फेकण्यात काही हाशील नाही. योग्य जागा शोधायची आणि तिथेच बसायचं.

जागा कशी शोधायची? रात्री वरचं पाणी थंड होतं, जड होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं. त्यामुळे सकाळी काठाजवळचं उथळ पाणी सगळ्यात गार असतं आणि मासा खोलात सरकलेला असतो. दहा-अकरानंतर ऊन चढलं की हेच उथळ पाणी आधी तापतं, कारण तळाचा काळा गाळ ऊन शोषून घेतो. मग मासा हळूहळू काठाकडे येतो. अकरा ते तीन ही खरी वेळ. उथळ पट्टी संपून पाणी एकदम खोल होतं, ती कड धरावी. तिथून माशाला दोन्हीकडे जाता येतं.

वाऱ्याचंही बघा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक उत्तर किंवा ईशान्येकडून येतो. तो वरचं कोमट पाणी आणि त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव समोरच्या काठाकडे ढकलत नेतो. वारा तोंडावर येईल असा काठ निवडा. पाठीला वारा घेऊन बसणं सुखाचं खरं, पण खाणं तुमच्यापासून दूर चाललेलं असतं. पाणकावळे कुठे बुड्या मारतात तेही पाहत जा. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

आता गळ किती खोल सोडायचा? याचं उत्तर माशाच्या तोंडात आहे. कटल्याचं डोकं मोठं आणि खालचा जबडा वर वळलेला. तो वरच्या थरात खातो. रोहूच्या ओठांना झालर असते; तो मधल्या पाण्यात चरतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला. तो तळाचा गाळ हुंगत फिरतो. म्हणून आधी दोरीला शिसं बांधून खोली मोजा, मग तरंगा त्या हिशेबाने सरकवा. थंडीत मी तरी तळापासून वीतभर वर सुरुवात करायला सांगेन. मृगळ तिथेच असतो आणि गारठलेला रोहूही खाली उतरलेला असतो. मरळ निराळी. ती शिकारी आहे, पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरते आणि हवा घ्यायला अधूनमधून वर येते. तिला गांडूळ किंवा छोटी मासोळी लागते. बाकीच्यांना कणकेत शेंगदाण्याची ढेप मळून केलेली गोळी पुरे, वाटाण्याएवढी, त्याहून मोठी नको. काठी बांबूची चालेल. तरंगा ज्वारीच्या धांड्याचाही चालतो आणि मंद ओढ तोच चांगली दाखवतो.

पण गळ पाण्यात टाकण्याआधी परवानगी हवी. हे मासे बेवारस नाहीत. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १९५७ मध्ये ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. (१० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच प्रयोगाची आठवण आहे.) आधी मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटाएवढी बोटुकली. महाराष्ट्रात जलाशय सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतात आणि त्या पैसे मोजून हे बीज पाण्यात सोडतात. तेव्हा जलाशय कोणाकडे आहे ते गावात विचारा आणि त्यांच्या संमतीनेच बसा. गळाला काही लागलं नाही तर भोई बांधवांकडून ताजी मासोळी विकत घेऊन या. जाळी संध्याकाळी लावून पहाटे काढतात, म्हणून त्यासाठी मात्र लवकर जावं लागेल.

भिंतीवर आणि दरवाजांच्या खालच्या बाजूला बसू नका. येळगावचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी वाढलं की आपोआप उघडतात. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, आणि पिण्याच्या पाण्यात तर ते पाप आहे. खामगाव रस्त्याला ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तिथल्या पाण्यात गळ टाकायचा विचारही करू नये. लोणारचं पाणी इतकं खारट-अल्कधर्मी आहे की तिथे मासाच नाही.

वीतभर मासा लागला तर हात ओले करून धरा, गळ अलगद काढा आणि त्याला सोडून द्या. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग जडतो. तुटलेली दोरी मात्र एक तुकडाही काठावर ठेवू नका. नायलॉन कुजत नाही, पाणकावळ्यांच्या आणि बगळ्यांच्या पायात अडकतं. ती गुंडाळून खिशात घाला आणि घरी आणून तुकडे करून टाका.