‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आणि मराठीतील सर्वनामे

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीतील गर्विष्ठ डार्सी व स्पष्टवक्ती एलिझाबेथ ही जोडी परस्परविरुद्ध प्रकृतींच्या आकर्षणाचा नमुना मानली जाते. परंतु त्यांच्यातील खरा विरोध स्वभावाचा नसून दर्जाचा आहे. डार्सीचे वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड. एलिझाबेथच्या पित्याचे दोन हजार, आणि ती मिळकतही पुरुष वारसाकडेच जावयाची. हे अंतर तुटते ते संभाषणातून. साहजिकच अनुवादकापुढे पहिला प्रश्न येतो तो द्वितीय पुरुषी सर्वनामाचा.

शिष्ट इंग्रजीतून ‘दाऊ’ ऑस्टिनपूर्वीच लुप्त झाले होते; उरले ते सर्वांस समान असे ‘यू’. दर्जाचा भेद दाखवितात ती नावे. थोरली जेन ही ‘मिस बेनेट’, तर धाकटी ‘मिस एलिझाबेथ’. थोरली जवळ नसेल तेव्हाच पहिला मान धाकटीस मिळतो. रॉजर ब्राउन व आल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये सर्वनामांच्या वापरामागील सत्ता व समभाव ही दोन तत्त्वे मांडली. सत्तेचे सर्वनाम एकतर्फी असते, समभावाचे परस्पर. मराठीत यांतून सुटका नाही.

पहिल्या मागणीच्या प्रसंगी (अध्याय ३४) डार्सी प्रेम व्यक्त करतानाच एलिझाबेथच्या कुळाची हीनता बोलून दाखवितो. येथे त्याच्या तोंडी ‘तू’ घातल्यास उद्धटपणा व्याकरणातच उतरतो आणि प्रसंग बिघडतो. मूळ डार्सी भाषेने सभ्य व आशयाने उद्धट आहे. एलिझाबेथचा जो टोला पुढे कित्येक महिने त्याच्या जिव्हारी सलतो, तोही सभ्यतेच्या उणिवेविषयीचाच.

दुसऱ्या मागणीच्या वेळी (अध्याय ५८) तो तिचे नाव प्रेमाने उच्चारतो. ती मात्र त्यास नावाने हाक मारीत नाही. हे पाहून मराठी दांपत्याच्या जुन्या रूढीप्रमाणे त्याचे ‘तू’ आणि तिचे ‘तुम्ही’ योजण्याचा मोह होईल. तो टाळावा. ज्या क्षणी डार्सी आपला गर्व उतरल्याची कबुली देतो, नेमक्या त्याच क्षणी सर्वनाम त्यास वरच्या पायरीवर नेऊन बसवील! शिवाय डार्सी हा सद्गृहस्थ आणि आपणही सद्गृहस्थाचीच कन्या, म्हणून आपण समान, हे एलिझाबेथने लेडी कॅथरिनला दोनच अध्याय आधी ठणकावून सांगितलेले असते. दोघांनी अखेरपर्यंत एकमेकांस ‘तुम्ही’च म्हणावे, असे माझे मत आहे. (निवेदनात डार्सीस ‘तो’ म्हणावे की ‘ते’, हा प्रश्न याहून बिकट, त्यास स्वतंत्र लेख हवा.)

आदरार्थी ‘आपण’ मात्र या दोघांच्या संवादांतून कटाक्षाने दूर ठेवावे, कारण त्याची गरज अन्यत्र आहे. इंग्रजी ‘वुई’मध्ये न दिसणारा ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद मराठीत आहे. नेदरफील्डच्या नृत्यप्रसंगी (अध्याय १८) एलिझाबेथ थट्टेने म्हणते की, दोघेही सारखेच अबोल व माणूसघाणे आहेत. प्रेमाचा मागमूसही तिच्या मनात नसताना, केवळ डिवचण्यासाठी, ती दोघांस एका सर्वनामात गोवते. तेथे मराठीत ‘आपण दोघे’ एवढेच लिहिता येते.