हातची मालदांडी

मंगळवेढ्याच्या शिवारांतील आमचे एक स्नेही गेल्या पौषांत भेटले. घरची बारा एकर खोल काळी जमीन विकून कालव्याखालीं चार एकर घ्यावी व ऊंस करावा, असा त्यांचा बेत होता. "आमच्या रानांत ज्वारीपलीकडे आहे काय?" हा त्यांचा प्रश्न. त्यावर वाद न घालतां आम्ही त्यांजबरोबर त्यांच्याच रानांत गेलों.

दाणा चिकांतून हुरड्यास आला होता. आश्विनांत पेरल्यापासून त्या पिकास पाटाचें पाणी ठाऊक नव्हतें. पावसाळ्यांत वारंवार कुळवून जी ओल जमिनीनें पोटांत सांठविली, तिच्यावरच तें उभें होतें. हीच ती मालदांडी. मोहोळच्या शेतकी केंद्रावर १९३० नंतरच्या दशकांत हिच्यांतूनच निवड करून 'मालदांडी ३५-१' हा वाण काढण्यांत आला. सन १९६४ मध्यें संकरित ज्वारी आली व खरिपांत तिनें पुष्कळ मुलूख जिंकला. परंतु रब्बीच्या कोरडवाहू रानांतून मालदांडीस हलविणें तिला साधलें नाहीं. दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरी गोड, आणि कडबा असा कीं गुरें वैरणींत धाट शिल्लक ठेवीत नाहींत. धान्याचा भाव पडला तरी पुष्कळदां कडबाच घर सांवरतो, हें ज्याच्या दावणीला चार जनावरें आहेत त्यास सांगणें नको. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, हें आमच्या स्नेह्यांस माहीत होतें. तरी त्यांचीं पोतीं नुसती 'ज्वारी' म्हणून अडत्याकडे जात!

कालव्याचें सुख खोटें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र नीरा डाव्या कालव्याचें पाणी सन १८८५ च्या सुमारास सुटलें, आणि पुढील कांहीं दशकांतच अतिपाण्यानें व निचऱ्याअभावीं तेथील पुष्कळ भारी जमिनींत क्षार वर येऊन रानें खारवट, चोपण झालीं. ओल धरून ठेवण्याचा काळीचा गुण पाटाखालीं दोष ठरतो. शिवाय आडसाली ऊंस सुमारें दीड वर्ष शेतांत उभा. तोंवर घरांत भाकरी कशाची व गोठ्यांत वैरण कशाची, हा हिशेब आमच्या स्नेह्यांच्या कागदावर नव्हताच.

त्यांनीं आगटी पेटविली, हुरडा भाजला. जमिनीच्या विक्रीचा विषय पुन्हां निघाला नाहीं, सोडल्याचेंही ते बोलले नाहींत. निघतांना त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, बियाण्याचीं कणसें यंदा कोणत्या पट्टींतून निवडावीं?