स्वमग्न मूल आणि पन्नासांचा वर्ग

स्वमग्न मूल वर्गात कान झाकून बसतं, मध्येच उठून दाराकडे धावतं, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, तेव्हा शाळेतून बोलावणं येतं आणि पहिला ठपका बहुधा घरावर बसतो: लाड फार झाले, मोबाइल फार दिला, आई नोकरी करते. या ठपक्याला मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर आईच्या मायेतला थंडपणा मुलाला स्वमग्न करतो, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी ते मत घराघरांत पोचवलं. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच त्याचं खंडन केलं होतं. पुढे १९७७ पासूनच्या जुळ्यांच्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला. संगोपनाने स्वमग्नता येत नाही, हे विज्ञानात केव्हाच ठरलं आहे. तरी तो दोष आजही आईच्या माथी मारला जातो, आणि त्याचं नुकसान मुलालाच सोसावं लागतं, कारण घरात कारण सापडलं की वर्गात काय चाललं आहे हे पाहायला कुणी जात नाही.

खरं तर पाहायला हवं वर्गातच. २०१३ च्या निदान-निकषांत संवेदनांची अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिक्रिया हे स्वमग्नतेचं एक लक्षण म्हणून नोंदलं आहे. पंख्याची घरघर, बाकं सरकवण्याचा आवाज, मधल्या सुट्टीतला डब्यांचा वास, रांगेतली ढकलाढकली हे सगळं इतर मुलांच्या कानामागे पडतं. या मुलाच्या अंगावर येतं. त्यात तास अचानक बदलला किंवा बाई रजेवर गेल्या, की उरलासुरला आधार सुटतो. मग जो उद्रेक होतो त्याला हट्ट म्हणतात. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की ते थांबतं. उद्रेकातल्या मुलाला त्या क्षणी स्वतःला आवरणंच शक्य नसतं, आणि शिक्षा केली तर त्याच्यावरचा ताण आणखी वाढतो. ‘माझ्याकडे बघून बोल’ हा आग्रहही असाच. अवघड प्रश्नाचा विचार करताना माणसं नजर बाजूला वळवतात आणि स्वमग्न मुलंही तेच करतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. बाईंच्या डोळ्यांत न बघणारं मूल त्या वेळी कदाचित लक्षपूर्वक ऐकत असेल. उलट काही मुलं शाळेत दिवसभर स्वतःला दाबून ठेवतात आणि घरी येताच कोसळतात. ‘आमच्याकडे तर शहाण्यासारखा असतो’ या शेऱ्यावरून शाळेत सगळं ठीक आहे असं समजू नये.

मराठी घरांत आणखी एक चुकीचा सल्ला सर्रास मिळतो: दोन भाषांनी गोंधळ होतो, घरी इंग्रजीच बोला. आजवरच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी मागे पडल्याचं आढळलेलं नाही. आजीशी, शेजाऱ्यांशी जोडणारी भाषा मात्र त्या सल्ल्यापायी तुटते. चित्रांच्या कार्डांनी किंवा टॅबवरून व्यक्त होऊ दिलं तर मूल बोलायचं थांबेल, ही भीतीही निराधार आहे.

यावर शिक्षकांचा आक्षेप असतो की पन्नास मुलांत एकाकडे किती लक्ष द्यायचं. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर एकट्या शिक्षकाकडून मागणं अन्यायाचं आहे. विशेष शिक्षकांची पदं नियमित भरली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावणं, खिडकी-दारापासून दूरची जागा देणं, सूचना एकेक करून देणं, पाच मिनिटं शांत कोपऱ्यात जाऊ देणं याला ना पैसे लागतात ना नवं पद. ‘पुढे जग थोडंच बदलणार आहे, आतापासूनच सवय हवी’ असंही म्हटलं जातं. असह्य आवाजात रोज बसवल्याने कान सरावतात, हा समज मला धोक्याचा वाटतो. शाळेची धास्ती बसलेलं मूल तिथे काहीच शिकत नाही. काही मुलांना विशेष शाळाच मानवते, हेही मान्य करायला हवं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित झालं असेल, तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा यांतून निवडीचा आणि मोफत शिक्षणाचा हक्क देतो. निवड मात्र कुटुंबाची, शाळेने ढकलून दिलेली नव्हे.

म्हणून शाळेच्या बोलावण्यावर माफी मागत जाण्यापेक्षा आठवडाभराची नोंद घेऊन जावं: त्रास कोणत्या तासाला झाला, त्याआधी काय घडलं, किती वेळ टिकला. त्या नोंदीवरून दोन-तीनच बदल लेखी मागावेत आणि महिन्याने पुन्हा भेटीची तारीख ठरवावी. शाळा दाखला घेऊन जायला सांगत असेल, तर तेही लेखी मागावं. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळांना आठवीपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांनाही त्या कायद्यात बंदी आहे.