खिशातला घोडा आणि त्याचा लगाम

मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीत पिस्तुलाला घोडा म्हणतात. टेक्सासमधल्या माझ्या मावसभावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला, कारण त्या आठवड्यात त्याच्या डोक्यात तोच विषय होता. शर्टाखाली झाकून बाळगता येईल असं लहानसं पिस्तूल त्याला घ्यायचं होतं. तो आता तिथला नागरिक आहे आणि टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून, कायद्यानं मनाई नसलेल्या २१ वर्षांवरच्या माणसाला असं हत्यार बाळगायला परवाना लागत नाही. पुण्यात याच कामासाठी त्यानं पोलिस आयुक्तालयाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. टेक्सासात मात्र तो शनिवारी दुपारी दुकानात उभा होता, आणि सोबत मी. तासाभरात काउंटरच्या दोन्ही बाजूंनी जे ऐकलं, त्यातलं बरंच अर्धवट होतं.

गैरसमज: लहान पिस्तूल नवशिक्याला सोपं, आणि बायकांना तर फारच.

उलट आहे. रुगर कंपनीचं एलसीपी रिकामं असताना जेमतेम २७० ग्रॅम भरतं. हत्यार जितकं हलकं, तितका गोळीचा धक्का हाताला जास्त. मूठ एवढी आखूड की करंगळी अधांतरी राहते. नळी तीन इंचांच्या आसपास असल्यामुळे पुढची माशी आणि मागची खाच जवळजवळ येतात, म्हणून हाताची जरा थरथर झाली तरी नेम बराच चुकतो. शिवाय वर मागे-पुढे सरकणारी स्लाइड हलकी असते म्हणून तिची स्प्रिंग कडक ठेवावी लागते, आणि ती मागे ओढताना बोटं दुखतात. स्मिथ अँड वेसननं २०१८ मध्ये मनगटात जोर कमी असलेल्यांसाठी खास 'शील्ड ईझेड' काढलं, तेव्हा ते आपल्या आधीच्या शील्डपेक्षा मोठं केलं, यातच सगळं आलं. आपल्याकडे २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' हे .३२ चं, अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून आणलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. 'पर्समध्ये मावतं' हे कौतुक तेव्हा भरपूर झालं. नेम शिकायला काडतुसं आणि जागा कुठून आणायची, हे कुणी फारसं विचारलं नाही.

गैरसमज: बाजूला सुरक्षेचा खटका नसेल तर ते पिस्तूल असुरक्षित.

भावाला हीच भीती होती. दुकानातली निम्मी लहान पिस्तुलं बिनखटक्याची. हा पायंडा ऑस्ट्रियाच्या ग्लॉकचा, ज्याचं पिस्तूल १९८२ मध्ये तिथल्या सैन्यानं स्वीकारलं. ग्लॉकमध्ये सुरक्षेच्या तीन व्यवस्था आहेत, पण तिन्ही आत दडलेल्या. ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पात आहे. ती दबल्याशिवाय ट्रिगर मागे जात नाही. काडतुसावर आपटणाऱ्या दांड्याच्या वाटेत एक अडसर आहे. आणि तो दांडा धरून ठेवणारी ट्रिगरची पट्टी आत एका कठड्यावर टेकलेली असते, म्हणून हिसक्यानं ती खाली सरकून दांडा सोडत नाही. ट्रिगर पूर्ण ओढला की तिन्ही ओळीनं बाजूला होतात.

म्हणजे पिस्तूल आपटलं, हिसका बसला, तर यांचा उपयोग. पण ट्रिगर कशानंही ओढला गेला तर या तिन्ही व्यवस्था निमूटपणे वाट देतात. ते बोट आहे, जॅकेटची नाडी आहे की मुलाचा अंगठा, हे पिस्तुलाला कळत नाही. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडक घडणीचं होल्स्टर हीच बिनखटक्याच्या पिस्तुलाची खरी चौथी सुरक्षा. भावानं पिस्तुलासाठी पाचशे डॉलर बाजूला ठेवले होते, होल्स्टरसाठी वीस. मला तरी हा हिशोब उलटा वाटला. खटका असलेलं पिस्तूल वाईट नाही. पण तो अंगठ्यानं उघडायची सवय शेकडो वेळा करून बोटात मुरवावी लागते, आणि ती न मुरलेला माणूस ऐन वेळी मेलेलं पिस्तूल धरून उभा राहतो.

गैरसमज: आधुनिक पिस्तूल पडलं तरी सुटत नाही.

बहुधा नाही, पण नेहमीच नाही असं म्हणवत नाही. रुगरनं २००८ मध्ये याच कारणासाठी एलसीपीची पहिली पिस्तुलं परत बोलावली होती. सिग कंपनीच्या पी३२० ची गोष्ट जास्त शिकवणारी. अमेरिकी सैन्यानं जानेवारी २०१७ मध्ये ते निवडलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळलं की ठराविक कोनात पाठीवर आपटलं तर त्याचा जड ट्रिगर स्वतःच्याच वजनानं मागे जातो. कंपनीनं केलेल्या सुधारणेत ट्रिगर हलका करणं हा मोठा भाग होता. रिव्हॉल्व्हरच्या जगात ही भीती जुनीच: १८७३ च्या कोल्टमध्ये सहा घरं असूनही जाणते लोक हॅमरखालचं घर रिकामं ठेवत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ते हातातून पडल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. पिस्तूल निसटलं तर झेलू नका, पडू द्या, असं अमेरिकेतले नेमबाजीचे शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात. झेलणाऱ्या हाताचं बोट नेमकं ट्रिगरवर जातं.

गैरसमज: ट्रिगर ओढायला जितका जड, तितकं सुरक्षित.

न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या पिस्तुलांचे ट्रिगर बारा पौंडांचे, म्हणजे साधारण साडेपाच किलोंचे ठेवले होते. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगपाशी एका मारेकऱ्यावर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या, आणि गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले. दोष एकट्या ट्रिगरचा म्हणता येणार नाही, पण पाव किलोच्या पिस्तुलावर तेवढा जोर लावून पाहा. नळी कुठे जाते ते कळेल.

गैरसमज: मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं.

मला यातला सगळ्यात घातक हाच वाटतो. मॅगझिन निघालं तरी नळीच्या मागच्या टोकाला एक काडतूस बसलेलं असू शकतं. काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना ट्रिगर चालू न देणारी सोय असते, जुन्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये होती, ग्लॉकमध्ये नाही. त्यात भर म्हणजे ग्लॉक सफाईसाठी उघडायला ट्रिगर दाबावाच लागतो. म्हणजे शिस्तीत साफसफाई करणाराच फसतो. सिग पी३६५ ट्रिगरला हात न लावता उघडतं. निवडताना मी तरी या एका गोष्टीला खटक्याच्या बरोबरीनं वजन देईन. उघडण्याआधी स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी पाहायचं, मग करंगळी आत घालून चाचपायचं.

गैरसमज: पर्सच्या चेनच्या कप्प्यात ते कुलूपबंदच.

डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी एका बाईंच्या पर्समध्ये खास पिस्तुलासाठी शिवलेला चेनचा कप्पा होता. दुकानात, सामानाच्या ढकलगाडीत बसलेल्या त्यांच्या दोन वर्षांच्या मुलानं तो उघडला. एकच गोळी सुटली, आणि त्या तिथेच गेल्या.

ही हकिकत मी भावाला दुकानातून बाहेर पडल्यावर गाडीत सांगितली. त्याची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. "ती माझी बॅग रोज उपसते," तो म्हणाला, आणि गाडी सुरू न करता बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.